इतवारचा माणूस

"गिर गये होंगे, और क्या," मुन्ना म्हणाला आणि त्याने चौथी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली.

हिरालालला उठून ती खुर्ची परत उघडावीशी वाटली, पण तो उठला नाही. गोंदियातल्या एका शाळेच्या मागच्या अंगाची ही खोली. आठवडाभर तिथे खडूचे खोके आणि मोडकी बाकं पडून असायची, आणि रविवारी दुपारी दारू सोडलेली माणसं येऊन बसायची. कधीकाळी सतरा-अठरा जण येत. २०११ साल उजाडेपर्यंत चारच उरले होते: ऑटो चालवणारा मुन्ना, निवृत्त झालेले एक गुरुजी, चोरखमाऱ्याच्या कालव्यावर शेतांना पाळीचं पाणी सोडणारा पाटकरी हिरालाल, आणि ज्यांनी ही बैठक सुरू केली ते भैयाजी. भैयाजी न येण्याचा हा लागोपाठ चौथा रविवार होता.

"मोहाचे दिवस आहेत," गुरुजी म्हणाले.

त्यापुढे काही सांगायची गरज नव्हती. मार्च सरता सरता गावोगाव मोहफूल गळतं, अंगणाअंगणात वाळत पडतं, आणि सगळ्या जिल्ह्यात एक गोडसर, आंबूस वास भरून राहतो. दारू सोडलेल्या माणसाने त्या दिवसांत नाक कुठे नेऊन ठेवावं हा प्रश्नच असतो. दरवर्षी याच महिन्यात कोणी ना कोणी घसरायचा. घसरलेला माणूस महिना दोन महिने तोंड दाखवत नसे. मग एखाद्या रविवारी मुकाट्याने येऊन बसे, आणि कुठे होतास म्हणून त्याला कोणी विचारत नसे. न विचारणं ही त्या खोलीची माणुसकी होती. म्हणूनच तीन रविवार सगळे गप्प बसले होते.

"मी जाऊन पाह्यतो," हिरालाल म्हणाला.

"कहाँ जाओगे? गाँव मालूम है उनका?"

गाव कोणालाच माहीत नव्हतं. बैठकीत नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही, गाव नाही, हा नियम भैयाजींनीच घातलेला. माणसाने बिनघोर बोलावं म्हणून. आडनाव विचारलं जात नाही अशी जिल्ह्यात ती एकच खोली असावी. हिरालालला तो नियम फार आवडायचा, कारण बाहेर कुठेही मेश्राम म्हटलं की जात ओळखून समोरच्याचा चेहरा अंमळ बदलतो, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. पण त्या नियमाचा असा पेच होईल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भैयाजींनी भर बाजारात बैलजोडी विकून त्या पैशाची चार दिवस कशी दारू प्यायली, पोरीच्या लग्नात मांडवात कसे आडवे झाले, हे तिघांनाही तोंडपाठ होतं. हे भैयाजी राहतात कुठे, ते मात्र एकालाही सांगता येत नव्हतं.

"कोहमाऱ्याच्या गाडीनं येतात, एवढं माहीत हाये," हिरालाल म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

मुन्नाने त्याला ऑटोने स्टँडवर सोडलं. उतरताना तो म्हणाला, "देखो हिरालाल, अगर पीके पड़े मिले, तो कुछ बोलना मत. बस दिख जाना उनको." मुन्ना तोंडाचा फटकळ होता, पण हे त्याने हळू आवाजात सांगितलं.

गाडी सुटली. खिडकीचा पत्रा तापून चटके देत होता. हिरालाल डोळे मिटून बसला, पण झोप येणार नव्हती, कारण एक गोष्ट तो खोलीत कोणाला बोलला नव्हता. तो थकला होता. दारू सोडून बारा वर्षं झाली होती. सुरुवातीला दारू न पिणं हा पराक्रम होता. लोक पाठ थोपटत, घरी बायको कलाबाई रविवारी मुद्दाम गोडधोड करी. आता बारा वर्षांनी कोण कौतुक करणार? आता ते रोज अंघोळ करण्यासारखं झालं होतं. गुडघे दुखत होते, नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि या वर्षीच्या मोहाच्या वासाने त्याला कधी नव्हे इतकं छळलं होतं. आणि भैयाजी घसरले असतील असं जेव्हा मुन्ना म्हणाला, तेव्हा हिरालालच्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हलकं झालं होतं. भैयाजींसारखा माणूस तेरा वर्षांनी पडला असेल, तर आपल्याला कोण नावं ठेवणार? या विचाराची त्याला लाज वाटत होती. पण विचार काही जात नव्हता.

ज्या माणसाबद्दल तो असा विचार करत होता, त्या माणसाने त्याला अक्षरशः उचलून उभं केलं होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या कापणीत हिरालालने भर दुपारी पिऊन तर्र होऊन कालव्याचं दार उघडलं आणि तिथेच काठावर झोपून गेला. कापून पसरलेल्या धानाच्या कडपा बांध्याबांध्यांत तरंगायला लागल्या. लोकांनी त्याला तुडव तुडव तुडवला, ते बरोबरच केलं. पुढे दोन महिने पडेल तिथे पीत राहिला आणि शेवटी सरकारी दवाखान्यात येऊन पडला. तिथे एक दिवस काखेत छत्री मारलेला एक परका म्हातारा त्याच्या खाटेवर येऊन बसला. दारू वाईट असते वगैरे काही बोलला नाही. आपणच बैलजोडी कशी विकली आणि बाजारातून पायी कसे आलो, ते सांगत बसला. सांगून झालं तसा उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

पहिलं सबंध वर्ष भैयाजी दर रविवारी गोंदिया स्टेशनावर हिरालालच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले. स्टेशनापासून शाळेपर्यंत वाटेत दारूची दोन दुकानं लागत. भैयाजी दुकानाच्या अंगाने चालत आणि हिरालालला दुसऱ्या अंगाला ठेवत. वर्षभर. आणि हिरालालने त्यांना एकदाही त्याबद्दल काही म्हटलं नाही. आपल्याकडे असं कोणी म्हणतं का? जेवायला बोलावतात. त्याने बोलावलंही होतं. भैयाजी हसून म्हणाले होते, "अन् तुह्या गावात मी कोन मून सांगशीन?" जेवण राहिलं ते राहिलंच.

तिकिटं फाडत कंडक्टर जवळ आला.

"कोठं?"

"भैयाजीकडं जावाचं हाये. दर इतवारी या गाडीनं जाणं-येणं करतात."

"कोनते भैयाजी? या रोडवर गावोगावी दोन-दोन भैयाजी हायेत."

बैलजोडी विकणारे, मांडवात पडणारे, असं हिरालालने सांगितलं असतं तर कदाचित ओळख लगेच पटली असती. पण ते तोंडातून काढायचं नव्हतं. ती त्या खोलीतली ठेव होती. दारू वगळून त्या माणसाची एखादी खूण सांगायची, तर त्याला आठवावं लागलं, आणि याचंच त्याला वाईट वाटलं. शेवटी तो म्हणाला, "उनारा असो का हिवारा, काखेत छत्री असते. लाकडी मुठीची. डाव्या कानानं कमी आयकू येते."

"छत्रीवाले बाबा!" कंडक्टरने लगेच तिकीट फाडलं. "पिपरटोला फाटा. इतवारचा माणूस हाये तो. पन चार इतवार झाले, दिसले नाहीत बाप्पा."

फाट्यावर उतरल्यावर उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर पळसाच्या सावलीत एक बाई प्लास्टिकची कॅन घेऊन बसली होती आणि दोन माणसं उकिडवी बसून पीत होती. हिरालाल त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला. वास ओळखीचा होता, फार ओळखीचा. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की भैयाजी पिऊन पडलेले दिसले, तर परत येताना इथे बसायचं. कोणाला सांगायचं नाही, कोणाची लाज धरायची नाही. एवढं ठरल्यावर त्याला बरं वाटलं आणि तो गावाच्या वाटेला लागला.

गावात छत्रीवाल्या भैयाजींचं घर विचारावं लागलं नाही. एका घरापुढे मांडवासारखं हिरवं कापड ताणलं होतं आणि खाली सात-आठ माणसं डोकी भादरून बसली होती.

हिरालाल कापडाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"कोन जी तुमी?" एक जण उठून पुढे आला. चेहऱ्याची ठेवण भैयाजींसारखीच, त्यांचा धाकटा भाऊ असणार.

"भैयाजीले भेटाले आलो होतो. तिरोड्याकडून."

"भैयाजी तं गेले. आज धावा दिवस. खबर नाही भेटली का तुमाले?" भावाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव काय तुमचं? आडनाव?"

भैयाजींनी बारा वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्यांच्याच दारात यावा! "हिरालाल मेश्राम," त्याने सांगितलं.

"बसा," भाऊ म्हणाला. लोकांनी सरकून जागा केली, जरा जास्तच जागा केली. सगळ्यांच्या हातात स्टीलचे गिलास होते. त्याला पाणी आलं ते प्लास्टिकच्या ग्लासात. हिरालालने ते पाहिलं आणि पिऊन टाकलं. त्या वेळी त्याला राग यायलाही ताकद नव्हती.

भाऊ सांगत गेला. तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी भैयाजी आंगोळीला बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं, बोली गेली. दवाखान्यातून चार दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. बारा दिवस काढले.

"तुमची कोठची वळख?" भावाने विचारलं. "इतवारी जात होते तेथची का? तेथं काय होतं काई आमाले कधी समजलं नाही बा. लोक काई काई बोलत. आमी तं समजत होतो का बुढा चोरून..." त्याने अंगठा तोंडाकडे नेला आणि भिंतीशी ठेवलेल्या भैयाजींच्या फोटोकडे नजर जाताच खाली केला.

तेरा वर्षं हा माणूस दारू न पिण्यासाठी गाडीत बसून गोंदियाला जात होता, आणि गाव समजत होतं की प्यायला जातो. हिरालालला हे सांगावंसं फार वाटलं, पण सांगायचा हक्क आपला आहे की नाही, ते त्याला कळेना.

थोड्या वेळाने आतून एक म्हातारी दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. भैयाजींची बायको धुरपता. ती भावाला म्हणाली, "ते पाहुने इतवारचे होय का? त्याइले मांगं पाठवा."

मागच्या परसात चिंचेखाली खाट टाकलेली होती. शेजारी चटईवर मोहफूल वाळत होतं, कोणाच्या मरणासाठी मोह काही गळायचा थांबत नाही. हिरालाल खाटेच्या कडेवर बसला, धुरपताबाई समोर जमिनीवर बसल्या.

"तुमीच का पाटावाले?" त्यांनी विचारलं.

"हो जी. तुमाले कसं माहीत?"

"नाव कोनाचंच सांगत नोहोते. एक पाटावाला हाये, एक आटोवाला, एक मास्तर, एवढंच मनत." त्यांनी चटईवरची फुलं हाताने पसरली. "बिमार होते तं दोन इतवार आले, एक दवाखान्यात, एक घरी. बोलता येत नोहोतं. डाव्या हातानं रोडाकडं दाखवत. छत्री दाखवत. मी मनलं, येतीन जी कोनीतरी तुमाले पाह्याले. इतके वर्सं जाऊन राहिले, येतीन. दिवसभर दाराकडं तोंड करून झोपले. कायले नाही आले जी तुमी?"

हिरालाल काय सांगणार? की आम्ही माणुसकी म्हणून आलो नाही? की तुमचा नवरा पिऊन पडला असेल, त्याला लाज वाटू नये, म्हणून आम्ही घरी बसलो?

"चुकलं आमचं," तो म्हणाला.

धुरपताबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "एक सांगाचं होतं. दिरानं वैदू आनला होता. त्यानं मुळी देल्ली, पयल्या धाराच्या मोहाच्या दारूत घासून पाजाची. उठून बसतीन मने. चमचा तोंडाजवर नेला अन् वासानंच त्याइनं दात आवरले. अर्धं तोंड मेलं होतं, पन जे जित्तं होतं तेवढ्यानं आवरले. दोघांनी धरलं, घातला चमचा. थुकून देल्लं. आंगावर, गोधडीवर. डोऱ्यातून पानी वाहे पन दात नाही उघडले. लोक मनत, बुढा मरून राहिला पन हेका नाही सोडत. कायले नाही पेत, ते मलेच ठावं होतं. मी मनलं, नोका पाजू, राहू द्या. दीर अजून बोलत नाही माह्यासंग."

हिरालालच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. तो रडत होता. कितीतरी वर्षांनी, बापाच्या मरणालाही रडला नव्हता इतका तो रडला. बाई त्याच्याकडे पाहत बसून राहिल्या, त्यांनी उगी उगी केलं नाही.

त्याचं रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तेथं तुमी करता काय जी? एवढं कायचं असते?"

"काई नाही. बसतो. एक जन नाव सांगते, मंग जे झालं ते सांगते. बाकीचे आयकतात. मधात कोनी बोलत नाही."

"बस?"

"बस."

"मंग सांगा. मी आयकतो."

हिरालालने नाक पुसलं. भिंतीपलीकडून भावाचा आवाज येत होता, कोणीतरी भांडी घासत होतं. तो अवघडून बसला. मग नेहमी बसायचा तसे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"माहं नाव हिरालाल. मी बेवडा हावो. बारा वर्सं झाले, नाही पेलो." इथपर्यंत तोंडात बसलेलं होतं. पुढचं बसलेलं नव्हतं. "भैयाजी चार इतवार नाही आले. मले वाटलं पेले. वाटलं अन् मले बरं वाटलं. मनात मनलं, ते पडले तं मलेबी सुटी. येथं फाट्यावर एक बाई बसली हाये, वापस जातानी तिच्याजवर बसाचं ठरवून आलो. भैयाजीनं मले उभं केलं, बाई. वर्सभर माह्यासाठी टेसनावर उभे राहिले. अन् मी त्याइले पाह्याले नाही आलो, मी त्याइचं पडनं पाह्याले आलो. त्याइचे माह्यावर उपकार होते, ते कधी बोललो नाही. आता कोनाले बोलू?"

धुरपताबाई मधे बोलल्या नाहीत. त्याचं सांगून झाल्यावर त्यांनी चटईवरचं एक मोहफूल उचललं, परत ठेवलं.

"माहं नाव धुरपता," त्या म्हणाल्या आणि अडल्या. पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. हिरालाल थांबून राहिला.

"तेरा वर्सं झाले," त्या म्हणाल्या, "दर इतवारी ते गाडीवरून आले का मी पान्याचा गिलास घेऊन जवर जावाचं. पान्याचं निमित्त. तोंडाचा वास घेवाचा होता मले. एक इतवार नाही सोडला. कधी वास नाही आला, तरी पुढच्या इतवारी तसंच. त्याइले समजे. काई बोलत नसत. पानी पेवाच्या पयले माह्या तोंडावर मोठा श्वास सोडत. मुद्दाम. मंग गिलास घेत."

त्यांनी मान खाली घातली.

"एकदा तरी मनाचं होतं, राहू द्या जी, आता नाही घेत वास. मनलं असतं तं काय गेलं असतं? पन नाही मनलं."

समोरच्या अंगणातून भावाने हाक मारली, साडेपाचची शेवटची गाडी चुकेल म्हणून. शेतांपलीकडून हॉर्न दोनदा ऐकू आला. हिरालाल खाटेवरून उतरला आणि धुरपताबाईंच्या समोर खाली मातीत बसला. त्या पुढे बोलू लागल्या, आणि तो ऐकत राहिला.